जुन्या गाडीची अर्थिंग: वायर बदलण्याआधी मीटर लावा

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांकडे २००४ ची मारुती ८०० आहे. सकाळी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. दुपारी नवी पेठेत दहा-पंधरा मिनिटं थांबून परत सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारला की इंजिन जड फिरतं, कधी नुसती टक-टक. बॅटरी नवी टाकून झाली, सेल्फ उघडून ब्रश बदलून झाले. रात्री हेडलाईट लावले की टेम्परेचरचा काटा थोडा वर सरकतो. आता कुणीतरी सांगितलंय की इंजिनची अर्थ वायर बदला. ती नेमकी कुठली, किती जाडीची घ्यायची आणि घरी बदलता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

घरी नक्की बदलता येईल. हेडलाईटबरोबर काटा सरकतो हे तुम्ही लिहिलंत तिथेच माझा संशय अर्थिंगवर, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत जायच्या वाटेवर गेला. तरीही बाजारात जाऊन वायर आणण्याआधी अर्धा तास मीटर घेऊन बसा. जुन्या गाडीत दहातल्या बहुतेक वेळा वायरीतलं तांबं चांगलं असतं आणि तिचा जोड खराब असतो. नवी वायर जुन्याच गंजलेल्या जागेवर आवळली तर चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच.

आधी करंटचा रस्ता समजून घ्या. बॅटरीच्या प्लसकडून जाड वायर सेल्फला जाते, तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. सेल्फमधून करंट परत येतो तो सेल्फच्या बॉडीतून, गिअरबॉक्स आणि इंजिनच्या धातूतून. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या हिशेबाने ते गाडीच्या पत्र्यापासून तुटलेलंच. ते जोडायला गाडीत साधारण तीन जागा असतात: बॅटरीच्या मायनसकडून गिअरबॉक्सवर येणारी जाड वायर, बॅटरीच्या मायनसकडून जवळच्या पत्र्यावर येणारी बारीक वायर, आणि बऱ्याच गाड्यांत इंजिनपासून पत्र्यापर्यंत एक विणलेली पट्टी किंवा वायर. इंजिन उतरवून परत चढवताना ही तिसरी विसरली जाते. इंजिनकाम झालेल्या गाडीत ती आहे की नाही हे पहिल्यांदा बघा.

छोट्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ फिरताना साधारण ८० ते १५० ॲम्पिअर ओढतो. डिझेलला २०० च्या पुढेही जातो. एवढा करंट परत यायला सरळ वाट मिळाली नाही तर तो दुसरी शोधतो. गड्ड्याच्या यात्रेत मुख्य रस्ता बंद केला की गर्दी बोळाबोळांतून निघते, तसा हा करंट क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, स्पीडोमीटरची केबल, जे काही इंजिनाला आणि पत्र्याला जोडणारं धातूचं सापडेल त्यातून निघतो. एका ओम्नीवाल्याची क्लच केबल सारखी जाम व्हायची. नवी टाकली, ती पण जाम. गॅरेजवाला केबलच्या क्वालिटीला शिव्या घालत होता. सेल्फ मारत असताना केबलवर हात ठेवला तर ती चक्क गरम लागत होती. आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळून तारेला चिकटत होतं. तुम्हीही हे करून बघा. सेल्फ तीन-चारदा मारून ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबलला बोट लावा. कोमट जरी लागली तरी अर्थिंग गेली समजा.

आता काट्याचं. टेम्परेचरचा सेन्सर बहुतेक जुन्या गाड्यांत एकाच वायरीचा असतो. त्याचं दुसरं टोक म्हणजे इंजिन स्वतः. गाडी चालू असताना वीज डायनामो देतो, आणि त्याचा मायनसही इंजिनच. हेडलाईट लावले की तो वाढीव करंट पत्र्यातून परत डायनामोकडे जाताना त्याच खराब जोडातून जातो. त्यामुळे इंजिन पत्र्यापेक्षा पाव-अर्धा व्होल्ट खाली बसतं, काट्याला तेवढा व्होल्टेज जास्त मिळतो, आणि पाणी होतं तेवढंच असताना काटा वर दिसतो. खरी गरमी आणि ही खोटी गरमी ओळखायला सोपं आहे. स्विच दाबताक्षणी काटा हलला आणि बंद करताच खाली आला तर दोष विजेचा. हळूहळू, पाच-दहा मिनिटांत चढत गेला तर रेडिएटर, फॅन, थर्मोस्टॅट बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो, तेव्हा दुसरी शक्यताही हसण्यावारी नेऊ नका.

दुपारीच का त्रास होतो, त्याचंही कारण आहे. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. २० अंशांवरून ८० अंशांवर गेलं की जवळपास चौथा हिस्सा जास्त. सेल्फची वाइंडिंग, वायर, जोड सगळंच बोनेटखाली भाजत असतं. सकाळी कसंबसं पास होणारं सर्किट दुपारी नापास होतं.

मोजायचं कसं

ओमच्या रेंजवर मीटर लावून अर्थ तपासणारे बरेच भेटतात. मीटर बीप करतो, म्हणजे अर्थ ठीक! हे बीप विसरा. शंभर तारांतली एक तार शिल्लक असली तरी मीटर बीप करेल. आणि आपण जे शोधतोय ते ओमच्या हजाराव्या भागात आहे, साध्या मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या कितीतरी पट असतो. जोडाची परीक्षा त्यातून करंट जात असतानाच घ्यावी लागते.

फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा आणि इंजिन बंद पडेपर्यंत एकदा चालवून घ्या, म्हणजे सेल्फ मारला तरी गाडी सुरू होणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. साध्या डिजिटल मीटरची डीसी व्होल्टची २० ची रेंज लावा. सेल्फ मारायला दुसरा माणूस घ्या. एका वेळी चार-पाच सेकंद पुरे, मध्ये मिनिटभर थांबा. स्वस्त मीटरला आकडा स्थिर व्हायला सेकंदभर लागतो, म्हणून पहिला आकडा धरू नका.

पहिली गोष्ट, बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दिसली पाहिजे आणि सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. ती त्याखाली गेली तर पुढचं मोजण्यात अर्थ नाही. आधी बॅटरी चार्ज करून तपासा. नवी आहे म्हणून चांगली आहे असं धरू नका.

मग काळा प्रोब बॅटरीच्या मायनस पोलवर, लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर. पोलवर म्हणजे शिशाच्या गोल खुंटीवरच. क्लॅम्पवर, म्हणजे खुंटीला आवळलेल्या वायरीच्या कड्यावर, लावलात तर क्लॅम्प आणि पोल यांच्यातला दोष मीटरला दिसणारच नाही, आणि निम्म्या गाड्यांत दोष तिथेच असतो. सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत दिसलं तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर अर्थिंग नापास. १०० ॲम्पिअरला ०.९ व्होल्ट म्हणजे ९० वॅट. हेडलाईटच्या दीड बल्बाएवढी उष्णता त्या एका जोडात जळतेय.

नापास झाली की दोष नेमका कुठे ते शोधा, कारण खरा फायदा इथे आहे. काळा प्रोब पोलवरच ठेवून लाल प्रोब एकेक पायरी पुढे सरकवा आणि दर वेळी सेल्फ मारा: आधी क्लॅम्पवर, मग वायरीच्या दुसऱ्या टोकाच्या लगवर (बोल्टसाठी भोक असलेलं, वायरीवर दाबून बसवलेलं धातूचं टोक), मग तो लग ज्या बोल्टने आवळलाय त्या बोल्टच्या डोक्यावर, मग शेजारच्या गिअरबॉक्सच्या धातूवर. ज्या पायरीला आकडा उडी मारतो तो तुमचा चोर. क्लॅम्पवरच ०.४ आला तर वायर बदलून काही होणार नाही, पोल आणि क्लॅम्प घासा. क्लॅम्पवर शून्य आणि लगवर ०.५ आला तर वायर किंवा तिचं क्रिम्पिंग (लग दाबून बसवलेली जागा) गेलं, ती बदलाच. लगवर ०.१ आणि गिअरबॉक्सवर ०.६ आला तर वायर निर्दोष, बोल्टखालची जागा साफ करायची.

पत्र्याचीही तपासणी करा. फ्यूज जागेवर लावून गाडी चालू करा, हेडलाईट, फॅन, ब्लोअर सगळं लावा. बॅटरीच्या मायनस पोलपासून पत्र्यापर्यंत आणि डायनामोच्या बॉडीपर्यंत मोजा. ०.१ च्या आत असावं, ०.२ च्या वर गेलं तर तिथेही काम आहे. बेल्ट आणि फॅनपासून हात, बाही, गळ्यातली चेन लांब ठेवा.

प्लसची बाजू विसरू नका. बॅटरीच्या प्लस पोलपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, सेल्फ फिरताना. इथे अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग कितीही चमकवली तरी दुपारचा त्रास जाणार नाही.

मीटर नसेल तर जम्पर केबलची एकच काळी वायर घ्या. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिन उचलायच्या हुकाला किंवा कुठल्याही उघड्या बोल्टला. दुपारी गाडी जड फिरत असतानाच हे करा. सेल्फचा आवाज एकदम बदलला तर उत्तर मिळालं. फक्त बाजारातल्या स्वस्त जम्पर केबल आतून केसासारख्या असतात. फरक पडला नाही म्हणून अर्थिंग निर्दोष ठरवू नका.

वायर आणि लग

८०० किंवा त्या वर्गातल्या पेट्रोल गाडीला गिअरबॉक्सवर जाणारी वायर १६ स्क्वेअर एमएम तांब्याची घ्या, डिझेलला २५. पत्र्याकडे जाणाऱ्याला १० पुरते. मूळ वायर यापेक्षा जाड असेल तर मूळ जाडीच ठेवा. १६ ची ४० सेंटिमीटर वायर १०० ॲम्पिअरला जेमतेम ०.०५ व्होल्ट खाते. त्यामुळे ५० ची वायर टाकून काही मिळत नाही, ती वळत नाही ते वेगळंच.

वायर बारीक तारांची, मऊ हवी. घराच्या वायरिंगमधली कडक वायर इंजिनच्या थरथरण्याने लगजवळ तुटते. तांब्याची वेल्डिंग केबल चांगली चालते, पण तिथेच फसवणूक आहे, कारण वेल्डिंग केबल ॲल्युमिनिअमचीही मिळते आणि वरून अगदी तशीच दिसते. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत लालसर निघाली तर तांबं. आतही पांढरी निघाली तर दुकानदाराला परत द्या. वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनिअमच्या तारा निघाल्या आहेत, म्हणून खरवडल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपल्या गावात यंत्रमाग कारखाने असल्यामुळे कुणाकडे ना कुणाकडे आर्मर्ड केबलचा तुकडा पडलेला असतो, आणि 'जाडजूड आहे, लावून टाक' असा सल्ला मिळतो. तो तुकडा बहुधा ॲल्युमिनिअमचा असतो. ॲल्युमिनिअम बोल्टखाली दाबून दाबून पसरतं, जोड ढिला होतो, वर ऑक्साइडचा थर येतो. कारखान्यात पॅनेलमध्ये गच्च बसलेली केबल आणि खड्ड्यांतून हादरणाऱ्या इंजिनवरची केबल, ही कामंच निराळी.

यंत्रमागांचा फायदाही आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या भागात मोटारींचं रिवाइंडिंग आणि पॅनेलची कामं चालतात. अशा कामवाल्यांकडे टिनचा मुलामा दिलेले तांब्याचे नळीवाले लग आणि ते दाबायचं हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल असतं. वायर मापाने कापून न्या आणि दोन्ही टोकांना लग दाबून आणा. लग मागताना वायरीची जाडी आणि बोल्टचं भोक दोन्ही सांगा: दहा नंबरच्या पान्याचा बोल्ट बहुधा ६ एमएमचा, बारा नंबरचा ८ एमएमचा. मोठ्या भोकाचा लग लहान बोल्टवर चालवू नका. हातोडीने चेपलेला लग नको. नुसतं डाग देऊन बसवलेलाही नको, कारण शिसं तारांमध्ये वर चढतं, ती जागा कडक होते आणि तिथेच वायर मोडते. क्रिम्पवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, म्हणजे ॲसिडची वाफ आणि पाणी आत जाणार नाही.

रंगीबेरंगी ग्राउंडिंग किट मिळतात, पाच-सहा वायरींचे, 'पिकअप वाढेल' म्हणून. मी ते लावायला सांगत नाही. तीन मूळ जोड नीट असले की गाडीला आणखी काही लागत नाही, आणि नसले की किट लावल्यावर जो फरक पडतो तो त्या तीन जोडांचाच.

बसवताना

हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा. बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि सगळ्यात शेवटी लावायचा. उलट केलंत आणि प्लसवर चालणारा पाना पत्र्याला लागला तर वेल्डिंग बघायला मिळेल. मायनस काढल्यावर घड्याळ आणि रेडिओ रिसेट होतात, एमपीएफआय गाडीचं (कॉम्प्युटरवर चालणारं पेट्रोल इंजेक्शन असलेल्या) आयडलिंग थोडा वेळ वरखाली होऊ शकतं, घाबरू नका.

क्लॅम्पवर पांढरी-हिरवी पूड असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात घालून ओता, फेस थांबला की साध्या पाण्याने धुवा. बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. पोल आणि क्लॅम्प आतून चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा. क्लॅम्प पूर्ण आवळूनही पोलवर फिरत असेल तर मध्ये पत्र्याची पट्टी कोंबू नका, नवा क्लॅम्प घ्या. क्लॅम्पजवळची जुनी वायर फुगलेली किंवा दाबल्यावर करकरणारी असेल तर आतल्या तारा काळ्या पडल्यात. कव्हर सोलत मागे जा. हातभर सोलूनही लाल तांबं दिसलं नाही तर ती वायर गेली.

आता बोल्टखालची जागा. लग जिथे टेकतो तेवढ्या गोलात रंग, गंज, तेल काही नको, चमकणारा धातू दिसला पाहिजे. डेंटिंग-पेंटिंग करून आणलेल्या गाडीत हा बोल्ट रंगावरच आवळलेला सापडतो. लग सरळ धातूवर बसवा. वॉशर लगच्या वर येतो, लग आणि धातूच्या मध्ये नाही. पत्र्यावर दातेरी स्टार वॉशर चांगला. गिअरबॉक्सचं कव्हर ॲल्युमिनिअमचं, त्यात आटे लवकर मरतात. ६ एमएमचा बोल्ट १० न्यूटन मीटरच्या आसपास, ८ एमएमचा २० ते २५. टॉर्क पाना नसेल तर छोट्या पान्याने मनगटाच्या जोरावर आवळा, पाईप लावून नाही. आटे आधीच मेलेले असतील तर लेथवाल्याकडून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. मोठा बोल्ट ठोकून बसवण्याचा प्रकार कव्हर तडकवतो.

आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस फासा. आधी नाही, नंतर. आपल्याकडे पावसापेक्षा त्रास आहे धुळीचा, आणि बोअरच्या जड पाण्याने बोनेट धुण्याचा. पाणी वाळतं आणि क्षार बोल्टभोवती राहतात.

इंजिन सुरू होताना आणि क्लच सोडताना बाजूला झुकतं. म्हणून वायर ताणून बांधू नका, एक सैल वळण ठेवा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून, बेल्टपासून आणि स्टिअरिंगच्या हलत्या भागांपासून लांब. उंदरांचा त्रास असेल तर वायरीवर कोरुगेटेड पाईप चढवा.

एमपीएफआय गाडीत इनटेक मॅनिफोल्डवर किंवा इंजिनवर बारीक काळ्या वायरींचे एक-दोन लग एका बोल्टखाली दिसतील. ती बहुधा ईसीएमची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, अर्थ असते. ती काढून साफ करून परत तिथेच लावा. सोयीसाठी दुसरीकडे हलवू नका आणि जाड अर्थ वायर त्याच बोल्टखाली कोंबू नका. सेल्फच्या करंटचा धक्का ईसीएमला बसला की सेन्सरचे आकडे डगमगतात आणि मग विनाकारण चेक इंजिनच्या लाईटमागे पैसे जातात.

सगळं लागलं की पुन्हा तेच माप, त्याच जागांवर, शक्य असेल तर दुपारी तापलेल्या इंजिनवर. आकडे कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वर्षी ०.१ चे ०.३ झाले तर गाडी अडण्याआधी कळेल. महिन्याभराने बोल्ट एकदा पान्याने तपासा, नवा लग थोडा बसतो.

आणि मायनस-प्लस दोन्ही बाजूंचे आकडे चांगले येऊनही दुपारी सेल्फ जडच राहिला, तर दोष सेल्फच्या आत आहे. ब्रश बदलले म्हणालात, पण बुश (सेल्फचा दांडा ज्यात फिरतो ते कडं) बदललेत का ते विचारा. बुश झिजला की आर्मेचर (फिरणारा भाग) फील्डला (भोवतालच्या स्थिर भागाला) घासतं, आणि गरम झाल्यावर जास्तच. 'नुसतं टक-टक करूलालंय' असं होतं तेव्हा टक आवाजाच्या क्षणी सेल्फच्या जाड बोल्टवर आणि सेल्फच्या बॉडीवर व्होल्टेज मोजा. तिथे १२ च्या आसपास येत असूनही मोटर फिरत नसेल तर सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या जाड करंटच्या स्विचचे) आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा ब्रश टेकत नाहीत. सोलेनॉइडच्या बारीक वायरीलाही त्याच वेळी मीटर लावा; तिथे १० च्या खाली मिळत असेल तर सेल्फ उघडण्याआधी इग्निशन स्विचकडून येणारी वायर आणि तिचं सॉकेट बघा.